खोक्यावर ३२००, यंत्रात २१३३ : मेमरीच्या वेगाची गोष्ट

आज आपण एका आकड्याबद्दल बोलणार आहोत. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून म्हणा, ऑनलाइन म्हणा, तुम्ही डेस्कटॉपसाठी रॅमची जोडी आणता. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : डीडीआर४, ३२००. घरी येऊन मदरबोर्डवर बसवता, यंत्र चालू होतं, सगळं नीट. मग कधीतरी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून मेमरीचं पान बघता, तर तिथे वेग दिसतो २१३३. किंवा २४००, किंवा २६६६. पैसे तर ३२०० चे दिले! आणि बऱ्याच जणांनी ते पान कधी उघडलेलंच नसतं. पाच-पाच वर्षं यंत्र तसंच चालत राहतं.

रॅम बिघडलेली नसते. दुकानदारानंही भलती रॅम गळ्यात मारलेली नसते. बायॉसमध्ये जाऊन एक ओळ चालू करावी लागते. इंटेलच्या बोर्डवर तिचं नाव एक्सएमपी, एएमडीच्या बोर्डवर एक्स्पो किंवा डीओसीपी. ती चालू केली, यंत्र पुन्हा सुरू केलं, की ३२००. दोन मिनिटांचं काम. आमच्या पुढचा प्रश्न असा, की ते आधीपासूनच चालू का नसतं? विकणाऱ्याला ३२०० माहीत, घेणाऱ्याला माहीत, खुद्द रॅमच्या अंगावरच्या एका चिपमध्येही ते नोंदवलेलं. मग यंत्र २१३३ वर का उठतं? याचं उत्तर चाळीस-पन्नास वर्षांच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात सर्किटं जितकी आहेत तितकाच, कोणी कोणाला काय शब्द दिला, याचाही हिशेब आहे.

आधी ही मेमरी काम कशी करते ते थोडक्यात बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १९६६ साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलं, की एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक छोटासा कपॅसिटर एवढं पुरे. १९६८ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. १९७० साली इंटेलनं ११०३ ही चिप बाजारात आणली, त्यात १०२४ बिट मावत. तिच्यात दर बिटाला तीन ट्रान्झिस्टर लागायचे. डेनार्ड यांची एकाची रचना पुढच्या पिढ्यांत रुळली. आज तुमच्या-आमच्या यंत्रात जी डीरॅम आहे ती मुळात तीच.

आता हा कपॅसिटर म्हणजे बारीक भोक असलेली वाटी. विद्युतभार भरला की तो गळायला लागतो, म्हणून दर काही मिलिसेकंदांनी तो परत भरत राहावं लागतं. आणि वाचायचं कसं? त्या वाटीतला इवलासा भार एका लांब तारेवर सोडायचा, तारेवरचं व्होल्टेज किंचित हलतं, तो किंचित फरक एक सर्किट ओळखतं आणि मोठा करून सांगतं : एक आहे की शून्य. या ओळखण्याला वेळ लागतो. म्हणजे मेमरीचा वेग म्हणजे खरं तर किती वेळ थांबायचं याचा अंदाज. प्रोसेसर विचारतो, ठरावीक वेळ थांबतो, आणि तारेवर जे असेल ते उचलतो. पुरेसं थांबला नाही तर चुकीचं उचलतो. आणि आपण चुकीचं उचललं हे त्याला कळत नाही! हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

मग थांबायचं किती, हे यंत्राला कोण सांगणार?

१९८१ चा आयबीएम पीसी घ्या. त्याच्या मदरबोर्डवर छोट्या खटक्यांच्या पट्ट्या होत्या, डिप स्विच. यंत्रात मेमरी किती आहे हे माणसानं झाकण उघडून त्या खटक्यांनी सांगायचं. आणि वेग? तो चिपच्या पाठीवर छापलेला असे. नावाच्या शेवटी १५ असेल तर १५० नॅनोसेकंद, २० असेल तर २००. बोर्ड ज्या वेगाला बनवलाय त्यापेक्षा संथ चिप बसवायची नाही, एवढं पथ्य माणसानं पाळायचं. यंत्राला स्वतःला यातलं काही ठाऊक नसे. छापील आकड्यामागे चिप बनवणाऱ्या कंपनीचा शब्द असायचा, आणि तो वाचायचं काम माणसाचं.

याच काळातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. १९८४ साली आयबीएमचा पीसी-एटी आला, सहा मेगाहर्ट्झचा. आतल्या प्रोसेसरला ताल देणारा स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा होता, त्याचं निम्मं सहा. लोकांच्या लक्षात आलं, की तो स्फटिक काढून १६ चा बसवला तर यंत्र आठ मेगाहर्ट्झवर पळतं, आणि बहुतेक वेळा बिनतक्रार पळतं. स्वस्तातली युक्ती! आयबीएमनं पुढच्या बायॉसमध्ये वेग तपासणारी ओळच घातली : यंत्र ठरलेल्यापेक्षा जोरात पळतंय असं दिसलं की सुरूच व्हायचं नाही. उत्पादकानं जो आकडा दिला त्याच्या वर जाण्याचा हक्क ग्राहकाला आहे की नाही, हा वाद इतका जुना आहे.

आयबीएमनं दार लावलं, पण नकला बनवणाऱ्यांनी उघडलं. ३८६ आणि ४८६ च्या काळात एएमआय वगैरेंच्या बायॉसमध्ये चिपसेटच्या सेटिंगचं एक वेगळं पान आलं. मेमरीला किती 'वेट स्टेट' द्यायच्या, म्हणजे किती ठोके थांबायचं, ते तिथे माणसाला निवडता येऊ लागलं. एक कमी केली तर यंत्र जरा चपळ, दोन कमी केल्या तर पडदा काळा. ज्यांनी त्या काळात ही यंत्रं जोडली त्यांना तो काळा पडदा चांगलाच परिचयाचा असेल.

दरम्यान मेमरीचं रूप बदललं. सुट्या चिपा जाऊन पट्टी आली, सिम. १९८३ साली वँग लॅबोरेटरीज या कंपनीत तिचा जन्म झाला. पुढे तिची ७२ पिनांची आवृत्ती आली, आणि त्यातल्या चार पिना फक्त ओळख सांगण्यासाठी ठेवलेल्या होत्या. एखादी पिन जमिनीला जोडलेली आहे की मोकळी, यावरून बोर्डानं ओळखायचं : मेमरी किती, आणि ७० नॅनोसेकंदांची की ६० ची. चार पिना, म्हणजे फक्त सोळा उत्तरं. अनेक बोर्ड त्या पिनांकडे ढुंकूनही बघत नसत. तरी मेमरी स्वतःबद्दल यंत्राशी पहिल्यांदा काहीतरी बोलू लागली होती.

तिला खरी वाचा फुटली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि इथे आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र येतं : जेईडीईसी. ही अमेरिकेत सुरू झालेली मानकं ठरवणारी संस्था. मेमरी बनवणाऱ्या, प्रोसेसर बनवणाऱ्या, यंत्र बनवणाऱ्या कंपन्या, ज्या एरवी एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात, त्या इथे एका टेबलाशी बसतात आणि ठरवतात : पिना किती, व्होल्टेज किती, कोणत्या वेगाला किती ठोके थांबायचं. एसडीरॅमचं मानक १९९३ चं. एसडीरॅम म्हणजे क्लॉकच्या ठोक्याला बांधलेली मेमरी, म्हणून तिचा वेग नॅनोसेकंदांऐवजी मेगाहर्ट्झमध्ये बोलला जाऊ लागला. आकडा जितका मोठा तितका माल भारी. नॅनोसेकंदांत उलटं होतं, कमी ते चांगलं. विकणाऱ्यांच्या दृष्टीनं हा बदल किती सोयीचा होता ते तुमच्या लक्षात येईलच.

१९९८ साली इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट आला आणि मेमरीचा रस्ता ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर गेला. बाजारातल्या पट्ट्यांची गुणवत्ता सारखी नव्हती, म्हणून इंटेलनं पीसी१०० नावाचं काटेकोर विवरणपत्र काढलं. त्यात पट्टीवर एसपीडीची चिप असणं आवश्यक होतं. ही एसपीडी म्हणजे आठ पायांची, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढी चिप. त्यात २५६ बाइट. पट्टीवर किती चिपा, किती रांगा, किती स्तंभ, किती वेगाला किती थांबायचं, बनवणारा कोण, अनुक्रमांक काय, हे सगळं तिच्यात लिहिलेलं. यंत्र चालू होताना बायॉस सगळ्यात आधी दोन तारांवरून ही चिप वाचतो. गंमत बघा, त्या क्षणी यंत्राला मेमरीच नसते! मेमरी कशी चालवायची हे वाचणारा प्रोग्राम मेमरीशिवाय, प्रोसेसरच्या आतल्या तुटपुंज्या जागेवर चालवावा लागतो. वाचून झालं की मग मेमरी जागी होते.

म्हणजे १९८१ मध्ये जे काम खटके आणि माणसाचे डोळे करत होते, ते सतरा वर्षांनी आठ पायांच्या चिपकडे गेलं. कोणत्याही कंपनीची पट्टी, कोणत्याही कंपनीच्या बोर्डवर, माणसाला काही न विचारता चालू होणार. ही फार मोठी गोष्ट होती, आणि आमच्या मते जेईडीईसीला तिचं पुरेसं श्रेय मिळत नाही. पण त्यात एक फट राहिली. २५६ पैकी निम्मेच बाइट मानकानं बांधले होते. बाकीचे मोकळे.

आता त्याच १९९८ साली दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला. त्याचा रस्ता ६६ मेगाहर्ट्झचा, वेग ३००. बीएक्स बोर्डवर तो रस्ता १०० केला की तोच प्रोसेसर ४५० वर पळे, आणि दुप्पट-तिप्पट किमतीच्या भावंडांच्या पंगतीला बसे. ओव्हरक्लॉकिंग हा मूठभर लोकांचा नाद होता, त्याची बाजारपेठ झाली. आणि या बाजारपेठेला मेमरी हवी होती, मानकापेक्षा जोरात पळणारी. कोर्सेअर, जी. स्किल अशा कंपन्या इथे मोठ्या झाल्या. डीडीआरच्या पिढीत जेईडीईसीची शेवटची पायरी होती डीडीआर-४००. दुकानात ५०० ची मिळत होती.

कशी काय? तर प्रतवारी. एकाच तबकडीतून कापलेल्या चिपा सारख्या निघत नाहीत. काही जेमतेम पास होतात, काही पहिल्या वर्गात. आंबेवाला जसा एकाच झाडाचा माल वेगवेगळ्या पेट्यांत लावतो, तसे हे लोक चिपा तपासून सरस त्या वेगळ्या काढतात, त्यांना उष्णता पसरवणारं ॲल्युमिनियमचं जाकीट घालतात, आणि व्होल्टेज थोडं चढवतात. डीडीआरचं मानक व्होल्टेज अडीच, शौकीन २.८ देत. हे सगळं करून कंपनी शब्द देते : ही पट्टी ५०० वर आम्ही चालवून बघितली आहे.

पण हा शब्द लिहायचा कुठे? एसपीडीत मानकाबाहेरच्या व्होल्टेजला रकानाच नव्हता. मग पट्टीवर स्टिकर लावला, २-३-३-६ आणि २.८ व्होल्ट. गिऱ्हाइकानं तो वाचायचा, बायॉसमध्ये जायचं, एकेक आकडा हातानं भरायचा. चिपच्या पाठीवरचा छापील आकडा वाचणारा १९८१ चा माणूस इथे परत आला! एसपीडी आपल्या परीनं खरं बोलत होती, पण मानकाची भाषा बोलत होती. स्टिकर कंपनीची भाषा बोलत होता. एकाच पट्टीला दोन तोंडं झाली.

ही दोन तोंडं जुळवण्याचा पहिला प्रयत्न २००६ चा. एनव्हिडिया आणि कोर्सेअर यांनी मिळून ईपीपी आणलं : एसपीडीतल्या मानकानं वापरात न घेतलेल्या बाइटांमध्ये कंपनीचे आकडे लिहून ठेवायचे, व्होल्टेजसकट, आणि बोर्डानं ते वाचायचे. हीच ती मघाची फट. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, डीडीआर३ बरोबर इंटेलनं आपलं एक्सएमपी आणलं. कल्पना तीच. डीडीआर३ च्या एसपीडीत १७६ ते २५५ हे बाइट वापरायला मोकळे होते. तिथे सुरुवातीला खुणेचे दोन बाइट, आणि पुढे दोन वेगवेगळ्या आकड्यांच्या मांडण्या, ज्यांना प्रोफाइल म्हणतात. ईपीपी मागे पडलं, एक्सएमपी राहिलं. तंत्र म्हणून यात फारसं काही नाही, एका मोकळ्या कागदावर लिहिलेले आणखी काही आकडे. पण त्यामुळे स्टिकर यंत्राला वाचता येऊ लागला.

इथे मूळ प्रश्न आणखी टोकदार होतो. यंत्राला वाचता येतं ना, मग वाचून त्याप्रमाणे चालत का नाही?

यासाठी त्या सुमारास झालेला आणखी एक बदल बघावा लागेल. मेमरीशी बोलणारं सर्किट, मेमरी कंट्रोलर, पूर्वी मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असे. एएमडीनं २००३ मध्ये ते प्रोसेसरच्या पोटात घेतलं, इंटेलनं २००८ मध्ये, पहिल्या कोअर आय७ च्या वेळी. त्यामुळे मेमरीला दिलेलं व्होल्टेज आता थेट प्रोसेसरच्या दारात येऊ लागलं. डीडीआर३ चं मानक दीड व्होल्ट; शौकिनांच्या पट्ट्या त्या काळात १.८, १.९ मागत. इंटेलनं बजावलं : १.६५ च्या वर जाऊ नका, प्रोसेसर बिघडू शकतो. मेमरी विकणाऱ्याचा शब्द आणि प्रोसेसर विकणाऱ्याचा शब्द यांची इथे प्रत्यक्ष टक्कर झाली.

तेव्हापासून परिस्थिती अशी आहे. मेमरीवाला म्हणतो, माझी पट्टी ३२०० वर तपासलेली आहे. खरं आहे. प्रोसेसरवाला म्हणतो, माझ्या कोअर आय७-८७०० के ची हमी डीडीआर४-२६६६ पर्यंत. तेही खरं. बोर्डवाला एक यादी देतो, कोणत्या पट्ट्या आम्ही कोणत्या वेगाला चालवून बघितल्या त्याची, आणि पुढे बारीक अक्षरांत 'ओसी', ओव्हरक्लॉक. इंटेल आपली एक्सएमपी स्वतः बनवते, स्वतः प्रमाणित करते, आणि स्वतःच सांगते की हे ओव्हरक्लॉकिंग आहे, क्लॉक किंवा व्होल्टेज बदललंत तर वॉरंटी जाऊ शकते. एएमडीच्या एक्स्पोच्या तळटीपेतही हेच. म्हणजे ३२०० या आकड्यावर प्रत्येकाची सही आहे, पण आपापल्या तुकड्यापुरती. सगळ्या तुकड्यांवर मिळून सही फक्त २१३३ वर. (हशा.) म्हणून यंत्र २१३३ वर उठतं. तिथून वर जायचं तर तुम्ही स्वतः एक कळ दाबायची, आणि ती कळ दाबणं म्हणजे चौथी सही. तुमची!

आम्हाला विचाराल तर पहिल्यांदा सुरू होताना यंत्रानं मानकावर उठणं बरोबरच आहे. नवा बोर्ड, अनोळखी प्रोसेसर, चार पट्ट्या. अशात एकदम वरच्या वेगाला उडी मारली आणि पडदा काळा राहिला तर सामान्य माणसानं करायचं काय? आक्षेप आहे तो वेगळा. ही चौथी सही तुमच्याकडून घेतली जातेय, हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसायचं.

आपल्याकडे तर आणखी एक अडचण होती. खिशाला परवडणारे जे इंटेलचे बोर्ड, एच३१०, बी३६० वगैरे, त्यांत मेमरी अधिकृत वेगाच्या वर जाऊच देत नसत. ३२०० ची पट्टी घेतली, एक्सएमपीबद्दल माहीत आहे, बायॉस उघडला, तरी २६६६ च्या पुढे रस्ता बंद. २०२१ मध्ये बी५६० आला तेव्हा ही बंदी उठली. तोपर्यंत कितीतरी लोकांनी न मिळणाऱ्या वेगाचे पैसे मोजले.

एएमडीच्या बाजूला उलटं. २०१७ साली रायझन आला. त्याच्या पोटातले भाग एकमेकांशी ज्या रस्त्यानं बोलतात, इन्फिनिटी फॅब्रिक, त्याचा ताल मेमरीच्या तालाशी बांधलेला होता. मेमरी संथ तर प्रोसेसरचं अंतर्गत बोलणंही संथ. त्यामुळे इथे ही एक ओळ फार महत्त्वाची ठरली. एक्सएमपी हे इंटेलचं नाव, म्हणून बोर्ड कंपन्यांनी त्याच आकड्यांना वेगळी नावं दिली. असूसचं डीओसीपी त्यातलंच. एएमडीचं स्वतःचं एक्स्पो आलं २०२२ मध्ये, डीडीआर५ बरोबर.

आता थोडा हिशेब करू, कारण हा आकडा नेमका काय मोजतो हे बघायला हवं. डीडीआर एका ठोक्याला दोनदा माहिती देते. म्हणजे ३२०० च्या पट्टीचा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झच असतो. ३२०० हे सेकंदाला होणारे फेरे, दशलक्षांत. दुकानात सर्रास '३२०० मेगाहर्ट्झ' म्हणतात ते चूकच आहे. एका फेऱ्यात आठ बाइट, म्हणजे २१३३ ला सेकंदाला साधारण १७ गिगाबाइट, ३२०० ला २५.६. दीडपट. पण पहिला बाइट हातात यायला किती वेळ? ३२०० च्या चांगल्या पट्टीला १६ ठोके, एकेक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे दहा नॅनोसेकंद. २००३ च्या डीडीआर-४०० ला दोन ठोके, पाच नॅनोसेकंदांचा एक. दहाच! आणि आजच्या डीडीआर५-६००० ला तीस ठोके. तेही दहा. वीस वर्षांत रस्ता रुंद झाला, पहिली गाडी यायला लागणारा वेळ तोच. डेनार्ड यांच्या वाटीतून भार तारेवर यायला लागणारा वेळ जाहिरातीनं कमी होत नाही. १९९५ साली वुल्फ आणि मॅकी या दोघांनी 'मेमरीची भिंत' म्हणून जो इशारा दिला तो याबद्दलच : प्रोसेसर पुढे धावतोय, मेमरी मागे राहतेय, एक दिवस सगळा वेळ वाट बघण्यातच जाईल.

आणि कळ दाबली नाही तर? मानकाच्या २१३३ ला १५ ठोके, म्हणजे चौदा नॅनोसेकंद. म्हणजे रस्ताही अरुंद आणि वाटही जास्त बघायची. पत्रं लिहिणाऱ्याला, हिशेब ठेवणाऱ्याला याचा काही फरक पडणार नाही, उगाच घाबरवायला नको. खेळ खेळणाऱ्याला पडतो. आणि सगळ्यात जास्त कोणाला? ज्याच्या यंत्रात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्याला, कारण तिथे चित्र काढणारा भागही हीच मेमरी वापरतो. म्हणजे ज्याचं बजेट सर्वांत कमी, त्याला ती एक ओळ सर्वांत उपयोगी, आणि तिच्याबद्दल कोणी सांगण्याची शक्यताही त्यालाच सर्वांत कमी.

आता मघाचा मुद्दा : चुकीचं उचललं तरी कळत नाही. पहिल्या आयबीएम पीसीत प्रत्येक आठ बिटांमागे नववा बिट तपासणीचा असे. चूक सापडली की यंत्र तिथेच थांबायचं. स्वस्ताईच्या शर्यतीत घरगुती यंत्रांतून तो नववा बिट गेला. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत दुरुस्तीची सोय आहे, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरती; पट्टी आणि प्रोसेसर यांच्या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही. म्हणून कळ दाबली, विंडोज उघडलं, म्हणजे झालं असं नाही. अगदी क्वचित एखादा बिट चुकत असेल तर यंत्र दिवसभर चालेल आणि एखादी फाइल हळूच बिघडवून ठेवेल. मेमटेस्ट८६ सारखा प्रोग्राम रात्रभर चालवून बघा. एक जरी चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणा, ३२०० ऐवजी ३०००. त्यात कमीपणा काही नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये तर प्रकरण चुकांच्या पुढे गेलं. एएमडीचे काही नवे रायझन ७००० प्रोसेसर, विशेषतः एक्स३डी जातीचे, बोर्डवरच जळाल्याच्या तक्रारी आल्या. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या आतल्या एका भागाला, एसओसीला, जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीनं नवे बायॉस काढायला लावले आणि त्या व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घातली. तिथे मेमरीची पट्टी निर्दोष होती. तीन शब्द एकमेकांवर रचले की कोणता कधी घसरेल हे सांगता येत नाही, ते असं.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग खोक्यावर ३२०० लिहिणं ही फसवणूक म्हणायची का?)

हाच प्रश्न अमेरिकेतल्या कोर्टात गेला. कोर्सेअरवर ग्राहकांनी सामूहिक दावा लावला : डीडीआर४ ची २१३३ च्या वरची आणि डीडीआर५ ची ४८०० च्या वरची मेमरी विकताना, सेटिंग बदलल्याशिवाय तो वेग मिळत नाही हे सांगितलं नाही. कंपनीनं दोष मान्य केला नाही, पण २०२५ मध्ये ५५ लाख डॉलरची तडजोड मान्य केली. त्यानंतर तशाच दाव्यात जी. स्किलनंही, दोष नाकारून, २४ लाख डॉलरची तडजोड केली. निकाल असा लागलाच नाही, त्यामुळे फसवणूक होती की नव्हती हे कोर्टानं सांगितलेलं नाही. जी. स्किलच्या तडजोडीत मात्र खोक्यावरच्या मजकुराची अट आहे : आकड्याच्या आधी 'पर्यंत' या अर्थाचे शब्द घालायचे, आणि हा वेग मिळवायला बायॉसमध्ये बदल करावा लागतो व तो प्रोसेसर आणि बोर्डवरही अवलंबून आहे, हे लिहायचं.